देव न मानणाऱ्याची तीर्थयात्रा

देवावर विश्वास नसलेल्या माणसाने एखाद्या स्थळी भक्तिभावाने जाणे याला तीर्थयात्रा म्हणावे की पर्यटन, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती तीर्थयात्रा असू शकते, आणि त्याची खूण जाणारा वाटेत काय सोडतो यात सापडते.

'तीर्थ' हा शब्द 'तॄ', म्हणजे तरून जाणे, या धातूपासून आला आहे; नदी पायी ओलांडता येईल असा उतार हा त्याचा एक जुना अर्थ. पलीकडे जायचे तर अलीकडचे काहीतरी मागे ठेवावेच लागते. हजला निघालेला पुरुष इहरामची न शिवलेली दोन वस्त्रे पांघरतो, तेव्हा अंगावरच्या कपड्यांवरून श्रीमंत कोण आणि मजूर कोण हे ओळखता येत नाही. जपानमधील शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची सुमारे १२०० किलोमीटरची परिक्रमा करणारे यात्रेकरू पांढरा वेश घालतात. वाटेत मरण आले तर तोच कफन व्हावा, अशी त्यामागची जुनी समजूत आहे. मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी यात्रेकरूची ही अवस्था उंबरठ्यावरची मानली: जुनी ओळख गळून पडलेली असते, नवी अजून आलेली नसते, आणि म्हणूनच शेजारी चालणारा अनोळखी माणूस आपला वाटू लागतो.

देव वगळला तरी यातले बरेच काही शिल्लक राहते. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर जिथे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक लढायला उतरले, तिथे २५ एप्रिलच्या पहाटे त्या देशांतून आलेली माणसे रात्रभर थंडीत थांबून उभी राहतात. त्यांना तिथे काही मागायचे नसते. आपल्या आधी कोणीतरी मोजलेल्या किमतीसमोर उभे राहायचे असते. पर्यटकाला आवडले नाही तर तो पुढच्या ठिकाणी जाऊ शकतो, या माणसांना तशी मुभा वाटत नाही. (पायी गेल्याशिवाय यात्रा नाही, असे मात्र मी म्हणणार नाही, अंथरुणाला खिळलेला माणूस नुसता निघण्यासाठीही फार काही सोडतो.)

मी स्वतः देव मानत नाही. आई गेल्यानंतर, तिने पहिली नोकरी केली त्या शाळेपर्यंत मी तिच्याच पायवाटेने, तिच्याच वेळेला चालत गेलो. शाळेचे आता फक्त जोते उरले होते. तिथे पाहण्यासारखे काहीही नव्हते, तरी मधल्या सुट्टीची वेळ होईपर्यंत मी त्यावर बसून राहिलो.