येते हं, नक्की!

लाडक्या चिनू,

काल गाडीत तू विचारलंस आणि मी सिग्नलचं निमित्त करून गप्प बसले. आजी व्हिडिओ कॉलवर आपल्याशी बोलत असताना नगरच्या घरी शेजारच्या काकू पत्रिका घेऊन आल्या. आजी त्यांना म्हणाली, “येते हं, नक्की!” आणि दार लागताच आपल्याला म्हणाली, “कसली येतेय, गुडघे बघ माझे.” तू विचारलंस, हे खोटं नाही का? आणि दृढीकरणाच्या दिवशी, म्हणजे बाप्तिस्म्याचं वचन आपल्या तोंडाने पक्कं करायच्या विधीत, बिशपांसमोर मी ‘होय’ म्हणणार, तेही असंच निघालं तर?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे उंबऱ्यावर आलेल्याला ‘नाही’ म्हणत नाहीत. घरातून निघतानासुद्धा ‘जाते’ नाही, ‘येते’ म्हणायचं. काकूंनाही आजीचे गुडघे माहीत आहेत, लग्नाचे लाडू त्या घरी पाठवतील. यात कुणीच फसलेलं नाही.

देवाच्या बाबतीत मात्र हे चालत नाही. बायबलमधली, लूकच्या 14व्या अध्यायातली मेजवानी आठव. तिथे आमंत्रण आधीच गेलेलं आहे, जेवण तयार झाल्यावर चाकर पुन्हा बोलवायला जातो. आजोबांच्या गावी असंच असायचं. सकाळी आवतण, आणि पानं वाढली की एखादा पोरगा घरोघरी पळत, “चला जेवायला!” गोष्टीतले लोक या दुसऱ्या हाकेला अडतात. एकाला घेतलेलं शेत बघायचंय, एकाला बैलांच्या पाच जोड्या पारखायच्यात. आजोबा इथे दर वेळी हसायचे. काष्टीच्या बाजारात एक जोडी घ्यायची तर माणूस दात मोजतो, चालवून बघतो. पाच जोड्या घेतल्यावर कसलं पारखणं! तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालंय. तो तर माफीही मागत नाही.

आता उलट बाजू. मत्तयाच्या 21व्या अध्यायात दोन मुलगे आहेत. बाप म्हणतो, द्राक्षमळ्यात कामाला जा. एक ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही. दुसरा तोंडावर नाही म्हणतो, मागाहून पस्तावतो आणि जातो. मला हा दुसरा वाचताना लक्ष्मीबाई टिळक आठवतात. चर्चमध्ये आपण ज्यांची भजनं गातो त्या नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं उत्तर होतं, नाही. त्या माहेरच्या माणसांत राहिल्या, काही काळ पंढरपुरात. काही वर्षांनी नवऱ्याकडे नगरला आल्या, तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं कडक. मग हळूहळू त्यांचं त्यांनाच पटलं की जात देवाने केलेली नाही. आधी ते सोवळं सुटलं, मग 1900 साली बाप्तिस्मा. पुढे अनाथ मुलं त्यांच्या घरी वाढली. त्यांचं ‘नाही’ खरं होतं म्हणून ‘होय’ही खरं निघालं, असं मला वाटतं. तेव्हा तुझं अजून ठरत नसेल तर बिशपांना या वर्षी थांबा म्हण. मी रागावणार नाही. आजी रागावेल, तिचं मी बघते.

माझंही सांगते. नगरच्या चर्चमध्ये मी सोळाव्या वर्षी ‘होय’ म्हटलं, नवी साडी नेसून, मोठ्याने. मेलबर्नला आले आणि पहिली सहा वर्षं फक्त नाताळला चर्चमध्ये गेले. रविवारी शिफ्ट असते, असं सगळ्यांना सांगायचे. शिफ्ट मीच मागून घ्यायचे, रविवारी पैसे जास्त मिळतात म्हणून. त्या माझ्या बैलांच्या पाच जोड्या. परत कशी गेले? तू झालीस, रात्री झोपायची नाहीस, आणि अंगाई म्हणून मला टिळकांची भजनंच येत होती.

दृढीकरणाची तारीख आजीला तूच कळव. ती लगेच ‘येते हं, नक्की’ म्हणाली तर फोटो पाठवायचे. पण जरा थांबून ‘बघू’ म्हणाली, तर मला सांग, तिकिटाचं बघायला लागेल.

तुझी,
आई