शिक्षकांचे प्रश्न : टाचण, सेवापुस्तक आणि रविवार

या वेळच्या टपालात शिक्षकांची पत्रे अधिक होती, म्हणून हा भाग त्यांच्यासाठीच राखून ठेवला आहे. पत्रलेखकांची नावे आणि शाळा वगळल्या आहेत, तसेच पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत माझी निवड झाली आणि गेल्या वर्षी मी एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिक्षण सेवक, म्हणजे पहिली तीन वर्षे मानधनावर काम करणारा शिक्षक, म्हणून रुजू झालो. पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत बसतात, कारण दुसरी खोली गळते. सहकारी शिक्षक कधी मतदार यादीच्या कामाला, तर कधी बैठकीला जातात. दिवसभर व्हॉट्सॲपवर ‘माहिती आजच्या आज पाठवा’ असे संदेश येत राहतात. शिकवायचे राहून जाते आणि संध्याकाळी अपराधी वाटते. दिवसाची घडी कशी बसवावी?

उत्तर : आपल्याला वाटणारा अपराधीपणा आपल्या खात्यावरचा नाही, हे आधी समजून घ्यावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्याच अशैक्षणिक कामांना लावता येते. त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास सांगितले आहेत, आणि शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास तयारीचा वेळ धरून मोजले आहेत. म्हणजे टाचण (रोजच्या पाठाचे लेखी नियोजन) काढण्याचा वेळ हा आपल्या कामाचाच भाग आहे. तो रात्रीच्या झोपेतून काढावा, असे कायद्याला अभिप्रेत नाही. प्रत्यक्षात काय घडते ते आपण लिहिलेच आहे. तरीही नियम माहीत असलेला शिक्षक आजूबाजूच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांशी वेगळ्या सुरात बोलू शकतो, आणि हा फरक लहान नाही.

आता घडीविषयी. एका खोलीत चार इयत्ता असताना चार स्वतंत्र वेळापत्रके चालवण्याचा प्रयत्न करणारा शिक्षक दिवाळीपर्यंत थकतो. पहिली-दुसरीचा एक गट आणि तिसरी-चौथीचा एक गट करावा, एका गटाला आपण शिकवत असताना दुसऱ्या गटाकडे आपल्या मदतीवाचून होईल असे काम असावे, आणि ते काम फळ्यावर आधीच लिहिलेले असावे. परिपाठानंतरचा पहिला तास मात्र कोणत्याही परिस्थितीत मोबाइलला देऊ नये. पोर्टलवरची माहिती भरण्यासाठी दुपारच्या सुट्टीनंतरची किंवा शाळा सुटण्यापूर्वीची ठरावीक वेळ राखावी आणि ती वेळ केंद्रात सर्वांना माहीत करून द्यावी. ‘आजच्या आज’ मागितलेली माहिती पुष्कळदा गेल्याच महिन्यात दिलेली असते. विद्यार्थीसंख्या, जात-प्रवर्गनिहाय तक्ते, शाळेचा यू-डायस (शासकीय ओळख) क्रमांक, खोल्या आणि स्वच्छतागृहे यांची एक वही अद्ययावत ठेवली, तर यातली निम्मी कामे नकलून काढण्याची होतात.

काही कामे वर्गातच आणता येतात. शालेय पोषण आहाराचे प्रमाण पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ असे आहे. सकाळी हजेरी झाली की चौथीच्या मुलांनी उपस्थितांचा आकडा घ्यावा, पाटीवर हिशेब करावा आणि तांदूळ मोजताना काट्यापाशी उभे राहावे. २३ मुले असतील तर २ किलो ३०० ग्रॅम. दशांश चिन्ह कुठे द्यायचे, यावर दोघांचे भांडण झाले की काटाच निवाडा करतो, आणि नोंदवहीतला आकडाही तपासून होतो. हे काम आपल्याला रोज करावेच लागते. मुलांनी केले तर त्याचा गणिताचा तास होतो.

शिक्षण सेवकाची तीन वर्षे कशीबशी काढण्याची असतात, असा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. तो मानू नये. वर्गाला आणि शिक्षकाला एकमेकांची सवय लागते ती याच काळात.

प्रश्न : शिक्षण सेवकाच्या १६,००० रुपये मानधनात खोलीभाडे, प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे भागत नाहीत. संध्याकाळी खासगी शिकवणी घेतली तर चालेल का?

उत्तर : नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. मानधन अपुरे आहे, ही आपली तक्रार रास्त आहे. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये झाले. त्याआधीचे आकडे ६,००० ते ९,००० च्या घरातले होते, एवढाच काय तो दिलासा. समाधानकारक सेवेची तीन वर्षे पूर्ण झाल्यावर प्राथमिक शिक्षकाला २९,२०० रुपये मूळ वेतनाची श्रेणी मिळते आणि त्यावर भत्ते लागू होतात. तोवर शिकवणीच्या दोन-चार हजारांसाठी नियमित होण्याच्या आदेशात अडथळा ओढवून घेऊ नये.

प्रश्न : मी १९९९ साली डी.एड. होऊन अनुदानित प्राथमिक शाळेत लागले. माझे वय ५१ आहे. पंचवीस वर्षे शिकवल्यानंतर आता टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) द्या असे सांगतात, तेव्हा अपमान झाल्यासारखे वाटते. ही परीक्षा खरोखर द्यावीच लागेल का, आणि या वयात अभ्यास कसा करावा?

उत्तर : बाई, आपल्या पत्रातला राग समजण्यासारखा आहे. आपण रुजू झालात तेव्हा ही परीक्षा अस्तित्वातच नव्हती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने ती किमान पात्रतेत आणली आणि महाराष्ट्रात पहिली टीईटी २०१३ मध्ये झाली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाप्रमाणे, शिक्षण हक्क कायद्यापूर्वी नेमलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा कमी उरली आहे त्यांना परीक्षेविना निवृत्तीपर्यंत सेवेत राहता येईल, मात्र पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही ती द्यावी लागेल. निवृत्तीचे वय ५८ धरले, तर आपली जवळजवळ सात वर्षे उरतात. म्हणजे आपण पहिल्या गटात मोडता. अल्पसंख्याक संस्थांना हा नियम लावायचा की नाही, हा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला आहे. आपली शाळा अल्पसंख्याक संस्थेची नसेल, तर त्या वादाशी आपला संबंध येत नाही.

संघटना पाठपुरावा करतीलच आणि तो त्यांनी करावाच. पण पुढे एखादा दिलासा मिळेल, या भरवशावर पुस्तक बाजूला ठेवणे शहाणपणाचे नाही, कारण मुदत संपली तर नुकसान आपले एकटीचे होईल.

अभ्यासाचे म्हणाल तर आपण समजता तेवढा तो परका नाही. पहिली ते पाचवीसाठीच्या पहिल्या पेपरात १५० गुणांचे १५० प्रश्न असतात : बालविकास व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. वेळ अडीच तास, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ५५ टक्के गुण लागतात, आणि एकदा मिळालेले प्रमाणपत्र आता तहहयात ग्राह्य असते. गणित आणि परिसर अभ्यास आपण रोज शिकवता. अडचण येईल ती अध्यापनशास्त्राच्या परिभाषेची. मुलाला एकट्याने जमत नाही पण मोठ्या माणसाने थोडा हात दिला की जमते, त्या टप्प्याला मानसशास्त्रज्ञ व्हिगोत्स्की यांनी ‘समीपस्थ विकास क्षेत्र’ असे नाव दिले आहे. ते नाव तेवढे पाठ करायचे, बाकी ती गोष्ट आपण पंचवीस वर्षे करतच आला आहात. दुसरी भाषा इंग्रजी घेतली असेल, तर उताऱ्यावरच्या प्रश्नांचा सराव रोज थोडा वेळ करावा.

खरी परीक्षा वेगाची आहे. वर्गात आपण मुलाला विचार करायला वेळ देतो आणि स्वतःही सावकाश बोलतो. इथे मात्र घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्याशिवाय हात बसणार नाही. उत्तरपत्रिकेतली वर्तुळे काळी करण्याचाही सराव करावा. तरुण सहकाऱ्यांकडून हे शिकायला संकोच करू नये. त्यांनी ही परीक्षा नुकतीच दिलेली असते.

प्रश्न : येत्या जूनमध्ये माझ्या सेवेला बारा वर्षे पूर्ण होतील. वरिष्ठ वेतनश्रेणी आपोआप लागते का?

उत्तर : आपोआप काहीही लागत नाही. बारा वर्षांची अर्हताकारी सेवा, आवश्यक शैक्षणिक पात्रता आणि विहित प्रशिक्षण पूर्ण झाले की प्रस्ताव करावा लागतो, आणि तो अडतो तो बहुधा सेवापुस्तकापाशी, म्हणजे नोकरीतल्या सर्व नोंदींच्या पुस्तकापाशी. तालुका बदलला की सेवापुस्तकही एका पंचायत समितीतून दुसरीकडे जाते, आणि त्या प्रवासात एखादी नोंद करायची राहून जाते. प्रथम नियुक्तीचा आदेश, नियमित झाल्याचा आदेश, स्थायित्व, जात वैधता, संगणक अर्हता, मराठी व हिंदी भाषा परीक्षेतून सूट, प्रत्येक बदलीची कार्यमुक्तीची आणि रुजू होण्याची तारीख, वार्षिक वेतनवाढी, घेतलेल्या रजा या सर्व नोंदी स्वतः डोळ्यांखालून घालाव्यात. गोपनीय अहवाल कोणत्या वर्षाचा नाही, हेही विचारून घ्यावे, कारण त्या वर्षीचे अधिकारी निवृत्त झाले की ते काम किचकट होऊन बसते.

सेवापुस्तकाची दुय्यम प्रत स्वतःजवळ असावी आणि ती दरवर्षी मूळ प्रतीशी पडताळून घ्यावी. लिपिकाशी वाद घालण्यापेक्षा झेरॉक्स प्रत पुढे ठेवणे अधिक उपयोगी पडते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. निवडश्रेणी ही पुढची वेतनश्रेणी चोवीस वर्षांनंतर येते आणि ती सर्वांना मिळत नाही. तिला २० टक्के पदांची मर्यादा आणि वाढीव शैक्षणिक पात्रतेची अट असते. तेव्हा पदवी किंवा पदव्युत्तर पदवी राहिली असेल, तर ती हाती असलेल्या बारा वर्षांतच करून घ्यावी.

प्रश्न : पुरस्कारासाठी प्रस्ताव करावा का? सहकारी म्हणतात, स्वतःहून मागणे बरे दिसत नाही.

उत्तर : राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज करण्याची पद्धत आहे, निवड झाल्यास रौप्यपदक आणि ५०,००० रुपये मिळतात. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कारासाठीही प्रस्ताव द्यावाच लागतो. तेव्हा बरे-वाईट दिसण्याचा प्रश्न येत नाही. मात्र जाडजूड फाइल बनवण्यासाठी वर्षभर केवळ छायाचित्रांचे उपक्रम करायचे असतील, तर त्यात मुलांचा वेळ जातो. झालेल्या कामाची फाइल करावी, फाइलसाठी काम करू नये.

प्रश्न : आम्ही दोघे पती-पत्नी जालना जिल्ह्यात शिक्षक आहोत. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारनंतर घरकाम, आणि रविवार तपासायच्या वह्यांत जातो. एका दिवसात जाऊन येता येईल अशी ठिकाणे सुचवावीत. शाळेची सहल नेण्यासाठीही ती उपयोगी पडली तर उत्तम.

उत्तर : आपण राहता त्या भागाचा इतरांना हेवा वाटावा. लोणार, वेरूळ आणि अजिंठा ही तिन्ही ठिकाणे आपल्याला एका दिवसात होण्यासारखी आहेत. अर्थात एका दिवसात एकच. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, त्यामुळे रविवारला अडचण नाही. पण सुट्टीच्या दिवशीची गर्दी टाळायची तर दार उघडण्याच्या वेळीच पोहोचावे. वेरूळला ३४ लेणी आहेत आणि सगळी पाहण्याचा हट्ट धरणारी माणसे शेवटी एकही नीट पाहत नाहीत. कैलास, म्हणजे १६ क्रमांकाचे लेणे, आधी बाजूच्या डोंगरावरून पाहावे. वरून खाली खोदत आणलेली ती वास्तू माथ्यावरून पाहिली की कारागिरांनी काम कसे केले असेल ते लक्षात येते. मग खाली उतरावे. उरलेल्या वेळात दहावे बौद्ध लेणे आणि ३२ वे जैन लेणे पाहिले तरी दिवस सार्थकी लागतो.

लोणारचे विवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले आहे, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. तळ्याचे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. विज्ञान शिकवणाऱ्याने हे ठिकाण न पाहणे बरे नव्हे. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर चुकवू नये. उन्हाळ्यात मात्र विवरात उतरणे टाळावे, चढताना फार दमछाक होते. एस.टी.ने गेल्यास, मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, त्यामुळे बाईंचे तिकीट अर्ध्यातच होईल.

शाळेच्या सहलीचा विचार यात मिसळू नका, एवढीच विनंती आहे. सहलीसाठी पाहणी करायची असेल, तर तिचा दिवस वेगळा ठेवावा : पिण्याचे पाणी कुठे आहे, स्वच्छतागृहे किती आहेत, चाळीस मुलांना बसून डबा खाता येईल अशी सावली कुठे आहे आणि गाडी कुठे थांबेल, हे त्या दिवशी टिपून आणावे. रविवारी हे टिपत बसलात, तर तोही कामाचाच दिवस होईल. वह्यांचे म्हणाल तर सर्व मुलांच्या सर्व वह्या एकाच दिवशी गोळा करण्याची पद्धत सोडावी. रोज एका बाकाच्या रांगेतल्या वह्या शाळेतच, मुलाला समोर बसवून तपासल्या, तर चूक त्याच्या डोळ्यांदेखत दुरुस्त होते आणि शनिवारी घरी नेण्याचा गठ्ठा उरत नाही.