जयबाबा काकांना चूक का म्हटलं नाही

प्रिय चिऊ,

दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास मोठेपणी स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गातून येताना तू गाडीत जे विचारलंस, त्याचं उत्तर लिहूनच द्यावं असं वाटलं. बोलायला लागलो की माझा सूर समजावण्याचा होतो आणि तू खिडकीबाहेर बघायला लागतेस.

तुझा प्रश्न आधी लिहितो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुला पाहता येईल. पाळकांनी वर्गात सांगितलं की जो माणूस ‘मी देव आहे’ म्हणतो तो वेडा असतो, नाहीतर लबाड, नाहीतर खरोखरच देव. येशू वेडा वाटत नाही, लबाडही वाटत नाही, म्हणून तो देव. तुला लगेच स्वतःला देवाचा अवतार म्हणवणारे मेहेरबाबा आठवले, कारण नगरला गेलो होतो तेव्हा आत्याने तुला त्यांच्या समाधीची अरणगावची टेकडी दाखवली होती. ‘मग मेहेरबाबा तिघांपैकी कोण?’ इथपर्यंत ठीक होतं. पुढे तू म्हणालीस, ‘पप्पा, तुम्ही सगळे जयबाबा काकांशी इतकं गोड वागायचात, त्यांना चूक कधी म्हटलंच नाहीत. हे तुमचं मराठी वागणं आहे. तुमचा खरंच विश्वास आहे, की कुणाला दुखवायचं नाही म्हणून सगळंच चालवून घेता?’

लागलं मला ते. राग नाही आला, पण रात्री बराच वेळ तेच डोक्यात घोळत होतं. थोरल्या आत्यानेही नानांना, तुझ्या आजोबांना, जवळजवळ हेच विचारलं होतं. तेव्हा मी तुझ्यापेक्षा लहान होतो.

काका पोस्टात होते हे तुला माहीत आहे. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत. कुणी भेटलं की ‘जय बाबा’ म्हणायचे, म्हणून आम्हा पोरांसाठी ते जयबाबा काका. शर्टाच्या आत लॉकेट, त्यात मेहेरबाबांचा मिशीवाला हसरा फोटो. १९६२ साली पुण्याला मोठा मेळावा झाला होता. देशातले आणि परदेशातले भक्त बाबांना भेटायला आले होते. त्या गर्दीत काकांनी त्यांना पाहिलं. ३१ जानेवारी १९६९ला बाबा गेले, तेव्हा देह आठवडाभर टेकडीवर दर्शनासाठी ठेवला होता. त्या रांगेतही काका उभे होते. ते सांगायला लागले की आम्ही दंगा थांबवायचो, कुणी सांगावं लागायचं नाही.

मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ला मौन धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. आधी ते एका फळीवरच्या इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवून बोलायचे, १९५४पासून तीही फळी सोडली आणि नुसत्या खुणा राहिल्या. त्यांची माणसं दर वर्षी १० जुलैला बोलत नाहीत. काका त्या दिवशी रजा टाकायचे. भाजीवालीला बोटांनी पावशेर दाखवायचे, दूधवाल्याला मानेनेच हो-नाही. त्यांना बोलतं करायला आम्ही काय काय करायचो! ते पोट धरून हसायचे, पण ओठ मिटलेले. संध्याकाळी नाना शाळेतून आले की हातपाय धुऊन पायरीवर त्यांच्या शेजारी बसायचे. एरवी या दोघांची तोंडं कधी बंद नसायची. त्या दिवशी नानाही गप्प. पेपरचं आतलं पान काकांकडे, बाहेरचं नानांकडे, मग अदलाबदल. माईने, तुझ्या आजीने, चहा आणून ठेवला की दोघं एकदमच कप उचलायचे.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काहींना हे खटकायचं. रविवारी व्यासपीठावरून उपदेश करणारा माणूस दुसऱ्याच्या बाबाचं मौन पाळतो, हे काय? नानांनी त्यांना काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की पुढच्या वर्षी ते पुन्हा पायरीवर बसले.

पण ११ तारखेला वाद सुरू. हे तुला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून तुला वाटतं की आम्ही सगळं चालवून घेत होतो. मेहेरबाबा येशूला नाकारत नव्हते. ते म्हणत, जरथुष्ट्र, राम, कृष्ण, बुद्ध, येशू, महंमद पैगंबर हा एकच अवतार पुन्हा पुन्हा आला, आणि आता तो मी आहे. त्यामुळे काकांचं आमच्या येशूशी भांडण नव्हतंच. नाताळात माईच्या करंज्या खाताना ते म्हणायचे, ‘मास्तर, वाढदिवस एकाचाच.’ आणि नाना दर वेळी म्हणायचे, ‘नाही. एक नाहीत.’ आवाज न चढवता, पण स्पष्ट. करंजीचं ताट पुढे सरकवत असतानाच. म्हणजे नानांनी चूक म्हटलं होतं, चिऊ. तुझा आरोप त्यांना लागू नाही. मला किती लागू आहे, याचा मी विचार करतोय.

आत्या तेव्हा कॉलेजात होती, तुझ्यासारखीच धारदार. एका नाताळात तिने काकांना गाठलं. म्हणाली, ‘तुमचे बाबा मौन सोडणार होते ना? एक शब्द बोलणार होते. मग न बोलताच कसे गेले?’ काका थोडा वेळ बशीतल्या चहाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘तुमच्या पुस्तकात पण आहे ना बाई, ही पिढी नाहीशी होण्याआधी हे सगळं घडेल? किती पिढ्या झाल्या?’ मार्काच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, तेराव्या अध्यायात आहे ते. काकांनी आमचं शास्त्र वाचलं होतं, नानांनीच दिलेली प्रत होती त्यांच्याकडे. आत्याने नानांकडे पाहिलं. तिला वाटलं, आता नाना काकांना सडेतोड उत्तर देतील. नाना तिला म्हणाले, ‘त्यांनी आपलं वाचलंय. तू त्यांचं वाचलंस का?’

त्या रात्री आत्या नानांवर चिडली होती. गोधडीत पडल्या पडल्या मी ऐकत होतो. नाना तिला म्हणाले की ठासून हरवण्याचं काम आपल्याकडे मोठमोठ्या लोकांनी करून झालंय. १८३१ साली मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. मग मोरभटांनी पुस्तक छापलं, विल्सननी त्याला उत्तर छापलं. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी हिंदू धर्माच्या बाजूने मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी वाद घालत, ऐकायला गर्दी जमायची, त्याचीही पुस्तकं निघाली. ती वाचली तर युक्तिवाद दोन्हीकडे दिसतात. आमच्या घराला मात्र कवी टिळक जवळचे, लोकमान्य नव्हेत.

नारायण वामन टिळकांना कुणी वादात हरवलं नव्हतं. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. ते वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनाने धरून ठेवलं, आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. केवढी किंमत! पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. तरी टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आपल्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर अभंग का म्हणतात, असं तू लहानपणी विचारायचीस, त्याचं कारण हे. ओवीचं तर त्याहून जुनं आहे, फादर स्टीफन्सनी १६१६ सालीच ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली. आणि शेवटी शेवटी, १९१७मध्ये, टिळकांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. एवढं सोसून आत आलेला माणूस दार उघडं ठेवतो, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलंय.

आता पाळकांच्या त्या तीन पर्यायांबद्दल. मला ते पटत नाहीत, आणि तुला पटले नाहीत म्हणून तू कमी ख्रिस्ती ठरत नाहीस. माणूस वेडा नसताना, लबाड नसताना, अगदी मनापासून चुकू शकतो. शिवाय येशूचे शब्द आपल्याकडे आले ते काही दशकांनंतर लिहिलेल्या चार शुभवर्तमानांतून. ‘मी आणि पिता एक आहोत’ हे योहानात आहे, आणि योहान चौघांत शेवटचा मानला जातो. मार्कात मात्र तोच येशू एकाला विचारतो, मला उत्तम का म्हणतोस, देवाशिवाय उत्तम कोणी नाही. पाळक चांगले आहेत, त्यांना हे माहीत असणार. त्यांना विचार. ते रागावणार नाहीत असं मला वाटतं, आणि रागावले तरी विचार.

काही जण म्हणतात, दावा सोडा, वागणं बघा. मलाही बरीच वर्षं हेच उत्तर पुरेसं वाटायचं. येशूने शिष्यांचे पाय धुतले. पण मेहेरबाबांनीही कुष्ठरोग्यांचे पाय धुतले, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. काकांनी हे मला सांगितलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही ती कसोटी लावून मी एकाला उभं आणि दुसऱ्याला आडवं करू शकत नाही.

मग माझं काय उरतं, ते सांगतो. तुझ्यावर लादत नाही, नुसतं सांगतो. येशूच्या काळी ‘देवाचा पुत्र’ ही पदवी सम्राट ऑगस्टसच्या नाण्यांवर होती. सगळ्या जगाला ठाऊक असलेला देवाचा पुत्र रोममध्ये सिंहासनावर होता. आणि त्याच साम्राज्याने खिळे ठोकून मारलेल्या एका सुताराला काही गरीब माणसं तीच पदवी देतात. बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्रात त्या सुताराविषयी लिहिलंय की तो देवाच्या स्वरूपाचा असून त्याने स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं. आणि वधस्तंभावर तो ओरडतो, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ज्याला देव म्हणायचं त्याच्याच तोंडी हा प्रश्न आहे आणि त्याच्या माणसांनी तो खोडला नाही, जपून ठेवला. माई गेली तेव्हा मी इथे परदेशात होतो, विमान मिळालं नाही. त्या रात्री मला दुसरं एकही वचन म्हणता आलं नाही, हे एकच आलं. तेव्हापासून मी त्याला धरून आहे. हा पुरावा नाही हे मला कळतं. काका त्यांच्या रांगेतल्या आठवणीबद्दल हेच म्हणाले असते, हेही कळतं.

तू शंका घेतेस याची मला काळजी वाटत नाही, असं म्हणालो तर ते पूर्ण खरं नाही. थोडी वाटते. तू इथे वाढलीस, आजूबाजूला बरेच जण देव हा विषयच सोडून बसलेत, आणि तू दार लावून घेशील की काय असं मनात येतं. अशा वेळी मी पंडिता रमाबाईंना आठवतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्यावर, ख्रिस्ताच्या देवत्वावर त्या तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डीन आणि मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी सरळ लिहिलं. आपल्या मुलीला, मनोरमेला, काय शिकवायचं यावरूनही त्या कुणाला जुमानल्या नाहीत. पुढे याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि आयुष्याच्या शेवटी अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. ज्या बाईचं भाषांतर माईच्या उशाशी असायचं, त्या बाईने आधी एवढे प्रश्न विचारले होते.

दृढीकरण घ्यायचं की नाही ते तू ठरव. पुढच्या वर्षी घेतलंस तरी चालेल, नाही घेतलंस तर मला वाईट वाटेल आणि ते मी लपवणार नाही. पण त्या वाईट वाटण्यापायी घेऊ नकोस. मेहेरबाबांवर ठरवायचं असेल तर आधी त्यांचं काही वाच.

आणि आत्याला फोन कर. तिला नानांचं वागणं आजही मान्य नाही. तिच्या मते पायरीवर गप्प बसण्याऐवजी नानांनी काकांना आणखी काही सांगायला हवं होतं, निदान शेवटच्या आजारपणात तरी. ती मनापासून तसं मानते आणि तिच्याकडे कारणं आहेत. मी ती तुला नीट सांगू शकणार नाही, तिच्याच तोंडून ऐक. रविवारी उपासनेनंतर ती घरी असते.

तुझा,
पप्पा