'गुन्हा कबूल' म्हणण्याआधी

चि. यास अनेक आशीर्वाद.

दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलास, आणि दंड किती पडेल आणि कधी मोकळा होईन, एवढंच तू विचारलं आहेस. त्याचं उत्तर दोन ओळींत मावतं. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 185. रक्तात दर 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा, मग खाली दुचाकी असो वा चारचाकी. पहिल्या वेळेला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलास तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. दंडाचे हे आकडे 2019 च्या दुरुस्तीने आले आहेत, त्यामुळे जुन्या खेपेचा कुणी 'दोन हजारांत सुटलो' म्हणाला तर ते ऐकून सोडून दे.

तू न विचारलेलं आता सांगतो. अपघात झालेला नाही, कुणाला खरचटलंही नाही, हे तुझ्या मेसेजवरून धरून चाललो आहे. तसं नसेल तर हे पत्र इथेच बाजूला ठेव आणि फोन कर, कारण मग भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात आणि सगळंच गणित बदलतं.

तुझे मित्र याला 'चलन' म्हणतात. हे चलन नाही. हेल्मेट न घातल्याचं प्रकरण तडजोड शुल्क भरून जागेवर मिटतं, कारण कलम 200 तशी मुभा देतं. त्या यादीत 185 नाही. म्हणजे ऑनलाइन पैसे भरून हे संपत नाही आणि पोलीस ठाण्यातही संपत नाही, दंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहावंच लागतं. कोर्टाच्या आवारात 'आतून मिटवून देतो' म्हणणारा एखादा भेटेलच. त्याच्याशी चहासुद्धा पिऊ नकोस. लाच देऊ करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो याहून फार मोठा आहे.

पहिलं काम, कागद गोळा करणं. श्वास तपासणीच्या यंत्रातून निघालेली चिठ्ठी, वैद्यकीय तपासणीचा कागद, जामिनाचं बंधपत्र, परवाना काढून घेतल्याची पावती. प्रत्येकावरचं नाव, तारीख, वेळ आणि चिठ्ठीवरचा आकडा नीट वाच. कलम 202 प्रमाणे या गुन्ह्यात अटक केलेल्याची तपासणी नोंदणीकृत डॉक्टरकडून दोन तासांच्या आत व्हावी लागते, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. हे वाचून लगेच उड्या मारू नकोस. सोडावं लागतं याचा अर्थ खटला बुडाला असा होत नाही. पण कुठली वेळ कुठे लिहिली आहे आणि कुठे कोरी सोडली आहे, हे तुझ्या वकिलाला पहिल्या दिवशी कळलं पाहिजे. तू तपासणीला नकार दिला असशील तर तेही त्याला सांग. सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कलम 205 खाली तुझ्याविरुद्ध जातो.

गाडी ठाण्यात अडकली असेल तर तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आरसी, विमा आणि मालकाचं ओळखपत्र जोडायचं, सुपूर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, गाडी सोडवून घ्यायची. आरसीवर वडिलांचं नाव आहे ना? मग अर्ज त्यांचा. म्हणजे त्यांना सांगावंच लागेल, आणि ते आजच सांग.

वकील कर. परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कोर्टाच्या इमारतीतच त्यांचं कार्यालय असतं, आणि 15100 हा त्यांचा फोन आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींतल्यांना तिथे वकील मोफत मिळतो.

आता तारखेचा दिवस. वेळेआधी पोच, बोर्डावर नंबर बघ, पुकारा होईपर्यंत दालनातच थांब. पांढरा शर्ट आणि काळी पँट घालू नकोस, ज्युनिअर वकील समजून कुणीतरी तुझ्या हातात फाइल देईल. पुकारा झाला आणि तू बाहेर फोनवर असलास तर गैरहजेरी लागते, आणि गैरहजेरीतून वॉरंट निघतं. खरंच येणं शक्य नसेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज जायला हवा, तोही पुकाऱ्याआधी. पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर क्रमांक (तुझ्या खटल्याचा ओळख क्रमांक) टाकून दिसते, तरी रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, काय लिहिलं ते वकिलाला विचार.

मग न्यायाधीश विचारतील, गुन्हा कबूल आहे का? हे सगळं पत्र मी या एका प्रश्नासाठी लिहितो आहे. आजूबाजूचे दहा जण 'कबूल' म्हणून, दंड भरून जेवणाच्या सुट्टीआधी बाहेर पडलेले तू बघशील, आणि तुलाही तेच करावंसं वाटेल. करूही शकतोस. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. कबुलीवर शिक्षा झाली की शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच अपील उरतं, दोषी ठरलास त्यावर नाही. आणि कलम 20 म्हणतं की 185 खाली दोषी ठरलेल्याला न्यायालयाने किमान 6 महिने परवान्यासाठी अपात्र ठरवावं. दहा हजारांचा हिशोब सगळे करतात, या सहा महिन्यांचा कुणी करत नाही. तुझी नोकरी फिरतीची आहे. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम 182, 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय आरटीओ परवान्यावर स्वतंत्र कारवाई करू शकतं, त्यांची नोटीस आली तर उत्तर न देता पाडून ठेवू नकोस.

नाकबूल म्हटलंस तर पुरावा सरकार पक्षाने द्यायचा. पोलीस, डॉक्टर, अहवाल, सगळं समोर येईल, तारखा पडतील. आकडा 30 च्या जेमतेम वर असेल आणि कागदात गोंधळ असेल तर लढण्यात अर्थ आहे. आकडा चौपट असेल आणि कागद चोख असतील तर माझं मत कबुलीकडे झुकेल, पण ती कागद वाचून, वकिलाशी बोलून, शिक्षेबद्दल काय म्हणायचं ते ठरवून दिलेली हवी. पहिलाच गुन्हा असल्याने 1958 च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंती करता येते. मिळेलच असं नाही. रस्त्यावरच्या गुन्ह्यांत न्यायालयं इथे हात आखडता घेतात. बेदरकार चालवून माणूस मारणाऱ्या चालकाला ही सवलत एरवी देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली म्हटलं आहे. तुझं प्रकरण तसं नाही, हे वकिलाने ठासून सांगायला हवं.

एक गोष्ट मात्र वकिलाच्याही सल्ल्याने करू नकोस. 'गाडी मित्र चालवत होता' ही गोष्ट रचायची नाही. गप्प राहणं हा तुझा हक्क आहे. खोटा माणूस उभा करणं हा हक्क नाही, आणि त्यात तुझ्याबरोबर तोही अडकतो.

नोकरीच्या आणि पासपोर्टच्या फॉर्मवर खटल्याबद्दल रकाना असतो. तिथे काय विचारलं आहे ते शब्द न् शब्द वाच, कारण 'खटला प्रलंबित आहे का' आणि 'शिक्षा झाली आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विचारलं असेल तर खरं लिही. 2016 साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच धडा घालून दिला, पडताळणीत दिलेली माहिती खरी हवी. किरकोळ गुन्हा नोकरी देणारा कदाचित पोटात घालेल, लपवाछपवी नाही घालणार. खटला चालू असताना पासपोर्ट लागलाच तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, तेव्हा परदेशी जायचा बेत असेल तर वकिलाला आधी सांगून ठेव.

सगळ्या कागदांचे फोटो मला उद्या संध्याकाळपर्यंत पाठव, दोन्ही बाजूंचे, मागची बाजू कोरी असली तरी. वकीलपत्रावर सही करण्याआधी फी किती आणि ती किती तारखांपर्यंतची, हे लिहून घे.

तुझा,
वकीलकाका