झेंडा पनामाचा, पोरगं कळव्याचं

प्रश्न : माझा मुलगा एका टँकरवर थर्ड इंजिनीअर आहे. जहाजाला झेंडा पनामाचा, मालक ग्रीक, पाठवणारी एजन्सी बेलापूरची. पुढच्या फेरीला जहाज तांबड्या समुद्रातून जाईल, असं तो म्हणतो. आमच्या सोसायटीत सगळे म्हणतात की भारताने तेव्हाच अमेरिकेच्या नौदल आघाडीत शिरायला हवं होतं, म्हणजे आपली मुलं सुरक्षित राहिली असती. हे खरं का? आणि उद्या काही झालंच तर आम्ही कुणाचं दार ठोठवायचं?
– एक आई, कळवा

ताई, धोरणाचं मागाहून बोलू, आधी मुलाचं. त्याचा फोन आला की विचारा, ‘तुझ्या कॉन्ट्रॅक्टला आयबीएफचा करार लागू आहे का?’ जहाज कंपन्या आणि खलाशांच्या युनियन जिथे पगार-भत्ते ठरवतात, ते हे आंतरराष्ट्रीय व्यासपीठ. या कराराखालच्या जहाजावर, युद्धजन्य ठरवलेल्या पट्ट्यात जायला खलाशी नकार देऊ शकतो. मग त्याला कंपनीने स्वखर्चाने घरी पाठवायचं असतं. जो जातो, त्याला त्या पट्ट्यातल्या दिवसांसाठी मूळ पगाराइतका बोनस मिळतो. जिवाचं बरंवाईट झालं किंवा अपंगत्व आलं तर भरपाई दुप्पट. पट्ट्याच्या हद्दी बदलत राहतात, म्हणून ताजी यादी युनियनकडूनच घ्यावी. नकार द्यायचाच असेल तर लेखी द्यावा, कॅप्टनकडे, आणि बंदर सोडायच्या आत.

मी चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झालो. हाताखालची पोरं हे विचारायला कचरायची, कारण पुढचं कॉन्ट्रॅक्ट हातचं जाईल ही धास्ती. ती खोटी नाही. तरीही त्याने विचारायलाच हवं.

आता दाराचं. एजन्सीचा आरपीएसएल क्रमांक, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा क्रमांक, आजच वहीत लिहून ठेवा. हा परवाना आपलं नौवहन महासंचालनालय देतं, त्यामुळे मालक अथेन्सला बसला असला तरी एजन्सीला इथे जाब विचारता येतो. बेलापूर स्टेशनबाहेर फाइल घेऊन उभी असलेली मुलं मी नेरूळहून जाता-येता बघतो. त्यांच्यातला जो विनापरवाना दलालाच्या नादी लागतो, त्याच्या घरच्यांना अडचणीच्या वेळी पकडायला माणूसच सापडत नाही.

तुमच्या सोसायटीचं म्हणणं मला पटत नाही. येमेनचे हुथी बंडखोर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करत होते, म्हणून अमेरिकेने आघाडी जाहीर केली १८ डिसेंबर २०२३ ला. तिच्या युद्धनौका त्या भागात फिरत असतानाच, ६ मार्च २०२४ ला, एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर हुथींचं क्षेपणास्त्र आदळलं आणि तीन खलाशी गेले. बाकीच्यांना पाण्यातून कुणी उचललं? आघाडीबाहेरच्या भारताच्या ‘आयएनएस कोलकाता’ने.

त्याआधीचं, २६ जानेवारीचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरवर नाफ्था भरलेला होता. नाफ्थाची वाफ हवेत मिसळली की एक ठिणगी पुरते. क्षेपणास्त्र लागून टाकी पेटली. वर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. फ्रेंच आणि अमेरिकन नौकाही मदतीला होत्या, पण ‘आयएनएस विशाखापट्टणम’वरचे दहा जण आगीशी झुंजायची सामग्री घेऊन थेट त्या जळत्या जहाजावर चढले. इंजिन रूममध्ये आग पाहिलेल्या माणसालाच कळेल, त्या डेकवर पाय ठेवणं म्हणजे काय ते. झेंडा होता मार्शल बेटांचा.

गस्त म्हणजे सर्व काही नव्हे. १३ एप्रिल २०२४ ला इराणने होर्मुझजवळ ‘एमएससी एरीज’ हे कंटेनर जहाज ताब्यात घेतलं. ते आपल्या न्हावा शेवालाच यायला निघालं होतं. २५ जणांत १७ भारतीय. दुसऱ्याच दिवशी जयशंकर यांनी इराणच्या परराष्ट्रमंत्र्यांना फोन केला आणि १८ तारखेला त्यातली प्रशिक्षणार्थी मुलगी कोचीला उतरली. इतरांना जास्त थांबावं लागलं, पण बोलणं चालू राहिलं. हुथींच्या पाठीशी तेहरान आहे. त्यांच्यावर बाँब टाकणाऱ्यांच्या पंक्तीला आपण बसलो असतो, तर तो फोन इतक्या तत्परतेने घेतला गेला असता असं मला वाटत नाही. भारताने आपली जहाजं पाठवली आणि आपली जीभही मोकळी ठेवली. हे शहाणपणाचं होतं, या मतावर मी ठाम आहे.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. समुद्री कायद्याप्रमाणे भर समुद्रातल्या जहाजाची पहिली जबाबदारी झेंड्याच्या देशाची. टनांच्या हिशेबाने जगातली निम्म्याच्या आसपास जहाजं पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटांत नोंदलेली. नोंदणीची फी त्यांना मिळते, पण जळत्या टँकरकडे धावायला त्यांच्याकडे तशी आरमारं नाहीत. माणसं मात्र आपली, फिलिपिन्सची. लंडनच्या आयएमओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेच्या, कौन्सिलवर भारत बसतो. खलाशी पुरवणाऱ्या देशांना एकत्र करून, संरक्षणाचा आणि सुटकेचा खर्च नोंदणी करणाऱ्या देशांनी उचलावा, हा आग्रह आपण तिथे धरायला हवा. तो मला पुरेसा ऐकू येत नाही.

प्रश्न : संयुक्त राष्ट्रांनी ठराव करूनही हल्ले का थांबले नाहीत?
– एक विद्यार्थी, कोपरी, ठाणे

सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक २७२२, १० जानेवारी २०२४. बाजूने ११ मतं, विरोधात एकही नाही. रशिया, चीन, अल्जीरिया आणि मोझांबिक तटस्थ. हल्ले थांबवा अशी मागणी त्यात होती, पण ती अमलात आणायची सक्ती कुणावर नव्हती. दोनच दिवसांत अमेरिका-ब्रिटनने येमेनवर हल्ले सुरू केले, तरी क्षेपणास्त्रं येतच राहिली. अखेर मे २०२५ मध्ये ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका आणि हुथींचा समझोता झाला. पुढे जुलैमध्ये ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन जहाजं हुथींनी बुडवली. दोन्ही ग्रीक कंपन्यांची, दोन्हींवर झेंडा लायबेरियाचा. समझोता फक्त अमेरिकेपुरता होता.