मैफल की प्राध्यापकी? पियानोवादक होऊ पाहणाऱ्या मुलीच्या आईस उत्तर

महोदया,
सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी सोळा वर्षांची आहे, पियानोची आठवी श्रेणी तिने उत्तम गुणांनी पूर्ण केली आहे आणि तिला मैफली करणारी पियानोवादक व्हायचे आहे. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की तिने विद्यापीठात संगीताची प्राध्यापक व्हावे आणि वादन जोडीला ठेवावे, म्हणजे पोटापाण्याची चिंता राहणार नाही. यांपैकी कोणती वाट धरावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बहुतेक पियानोवादकांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी एकाच व्यवसायाचे भाग असतात, आणि प्राध्यापकी म्हणजे हमखास आसरा हा समज आधी सोडून द्यायला हवा.

केवळ मैफलींच्या मानधनावर आयुष्यभर जगणारे पियानोवादक जगभरात मोजकेच आहेत. वॉर्सॉची शोपँ पियानो स्पर्धा १९२७ पासून साधारणपणे दर पाच वर्षांनी होत आली आहे. अशा मोठ्या स्पर्धेतील विजेत्याला पारितोषिकाच्या रकमेपेक्षा पुढच्या काही हंगामांतील मैफलींची आमंत्रणे अधिक मोलाची वाटतात, पण ती संपत येतात तोवर नवा विजेता आलेला असतो. मानधनातून एजंटाचा वाटा, प्रवास आणि मुक्काम वजा होतो. त्यातच, व्हायोलिनवादक आपले वाद्य बरोबर नेतो, पियानोवादकाला मात्र जिथे जाईल तिथल्या परक्या पियानोशी जमवून घ्यावे लागते. दुपारी सभागृहात पोहोचल्यावर जो थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात या पियानोच्या पट्ट्या जड आहेत, खालचे स्वर जास्त घुमतात, डावे पेडल दाबताच आवाज एकदम मवाळ होतो, हे हेरून संध्याकाळचे वादन त्याप्रमाणे बेतावे लागते. याची तिला मजा वाटते की जाच होतो, हे कळण्यासाठी तिला आतापासूनच मिळेल त्या पियानोवर वाजवू द्या.

आता प्राध्यापकीविषयी. अमेरिकी विद्यापीठांत पियानोच्या कायम पदासाठी डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स ही पदवी बहुधा अपेक्षित असते. पदवीची चार वर्षे, पदव्युत्तर दोन आणि त्यापुढे डॉक्टरेटची किमान तीन, असा हा हिशेब आहे. युरोपातील संगीत महाविद्यालयांत पदवीपेक्षा वादक म्हणून मिळवलेल्या लौकिकाला अधिक वजन असते. पदे थोडी असतात आणि एकेका पदासाठी तीच पदवी असलेले कितीतरी उमेदवार येतात. अंतिम फेरीत उमेदवाराला संपूर्ण मैफल सादर करावी लागते आणि निवड समितीसमोर वर्गही घ्यावा लागतो. अनोळखी विद्यार्थी येतो, एखाद्या सोनाटाचा (अनेक भागांच्या वाद्यरचनेचा) पहिला भाग वाजवतो, आणि उजव्या हातातली धावती ओळ अडखळते आहे. उमेदवाराने तिथेच ओळखायचे असते की दोष वेगात नसून अंगठा बोटांखालून नेताना मनगट आखडते त्यात आहे, आणि ते विद्यार्थ्याला न दुखावता अर्ध्या तासात सुधारून दाखवायचे असते. वादनात सरस असलेले उमेदवार इथे मागे पडतात, कारण त्यांनी कधी कुणाला शिकवलेलेच नसते. नेमणूक झाल्यावरही आठवडा विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक तासिका, परीक्षा आणि समित्यांच्या बैठकांत जातो. स्वतःचा रियाज पहाटे किंवा रात्री. तो सोडून चालत नाही, कारण बढतीच्या वेळी मैफलीही पाहिल्या जातात.

दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात याचे मला सर्वांत आवडते उदाहरण पियानोवादक मेनाहेम प्रेसलर यांचे आहे. १९५५ मध्ये ते इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले आणि त्याच वर्षी बो आर्ट्स ट्रिओ या पियानो, व्हायोलिन आणि चेलो वाजवणाऱ्या त्यांच्या त्रयीची सुरुवात झाली. ट्रिओ २००८ पर्यंत चालले, शिकवणे त्यानंतरही चालू राहिले, आणि बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी प्रथम वाजवले ते २०१४ मध्ये, नव्वदी गाठल्यावर. पियानोवादक लिऑन फ्लायशर यांची कथा वेगळी. १९५२ मध्ये ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकलेल्या या वादकाच्या उजव्या हाताची बोटे १९६० च्या दशकात आखडली आणि दोन्ही हातांचे वादन कित्येक वर्षे थांबले. पण ते १९५९ पासूनच पीबॉडी इन्स्टिट्यूट या अमेरिकेतील संगीत संस्थेत शिकवत होते. हात गेल्यावर शोधलेला तो आधार नव्हता. हाताच्या दुखापती या व्यवसायात विरळ नाहीत, म्हणून दुखत असताना रियाज रेटायचा नाही, हे तिला आताच बजावून ठेवा.

आठवी श्रेणी ही नामांकित कॉन्झर्व्हेटरीच्या (संगीत महाविद्यालयाच्या) दृष्टीने जेमतेम सुरुवात आहे. प्रवेशाच्या चाचणीत बहुतेक ठिकाणी बाखचे एखादे प्रिल्यूड आणि फ्यूग (जोडीने वाजवायच्या दोन रचना), हायडन, मोत्सार्ट किंवा बीथोव्हनचा सोनाटा, शोपँ वा लिस्टचे एट्यूड (तंत्राचा कस पाहणारी रचना) आणि एकोणिसाव्या शतकातील रोमँटिक शैलीची एखादी मोठी रचना, असा कार्यक्रम पाठ वाजवावा लागतो. त्याआधी चित्रफितीवरून चाळणी होते. ही तयारी दीड-दोन वर्षांची आहे. त्या काळात तिने गायकांची आणि व्हायोलिनवादकांची साथसंगत करावी आणि न पाहिलेली स्वरलिपी पाहताक्षणी वाजवण्याचा सराव ठेवावा. एकल मैफलींपेक्षा साथसंगतीची कामे लवकर मिळतात आणि अनेकांचे शिक्षणाचे दिवस त्यावरच निभावतात. एखाद्या लहान मुलाला तिने आठवड्यातून एकदा शिकवावे, अगदी पहिल्या धड्यापासून.

संस्थेच्या नावावर फार जाऊ नका. पियानोचे शिक्षण एका गुरूजवळ चार-चार वर्षे होते, तेव्हा निवड गुरूची करायची असते. अर्ज करण्यापूर्वी त्या प्राध्यापकांना पत्र लिहून एखादी परिचय-तासिका मागावी; अनेक जण ती देतात, काही शुल्क घेऊन. तासिकेनंतर तिला इतकेच विचारा की घरी आल्यावर त्या रचनेत काय वेगळे करायचे, हे तिला नेमके सांगता येते का. आणि तिथले सध्याचे विद्यार्थी भेटले तर त्यांना विचारा, प्राध्यापक दौऱ्यावर असताना त्यांचे तास कोण घेते.