भेट म्हणून हाताने गोधडी शिवायची आहे. उरलेले कापडाचे तुकडे त्यात कसे वापरावेत?

तुम्ही लिहिलंय की ड्रेस आणि ब्लाउज शिवून उरलेल्या तुकड्यांची मोठी पिशवी भरली आहे आणि भाचीच्या बाळाला बारशाला गोधडी द्यायची आहे. दोन्ही जमेल. फक्त पिशवी रिकामी करायची म्हणून सगळेच तुकडे त्यात कोंबू नका.

आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला वाकळ म्हणतात. घरातल्या बायकांकडून मी एक नियम घेतला आणि तो आजवर सोडलेला नाही: तुकडे फक्त वरच्या थराला, आतलं आणि खालचं कापड अखंड. आत चिंध्या भरल्या की दोन धुण्यांत त्या गोळा होतात आणि अंगाखाली गाठी टोचतात.

सगळे तुकडे आधी धुऊन इस्त्री करा. नवं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. लाल, जांभळा, गडद निळा असे रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून पाहा. फडक्यावर रंग उतरला तर तो तुकडा बाजूला. मग निवड करा. सुती, मलमल, वापरून मऊ झालेलं वॉइल ठेवा. शिफॉन, जॉर्जेट, सॅटिन सुईखाली सरकतात आणि घाम शोषत नाहीत. टी-शर्टचं कापड ताणलं जातं, त्यामुळे सुती तुकड्याशेजारी लावलं की पृष्ठभाग झोळतो. बाळासाठी असल्याने जर, टिकल्या, मणी यांतलं काहीच नको.

आतल्या आणि खालच्या थरासाठी जुनी सुती साडी मिळवा. शक्यतो भाचीच्या सासूबाईंना किंवा आईला मोकळेपणाने विचारून त्यांचीच घ्या. आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या होत आली आहेत आणि त्या मऊपणाला बाजारात तोड नाही. साडी उजेडासमोर धरून पाहा. बसण्याच्या जागी ती विरलेली असते. तो भाग कापून टाका. दोन्ही हातांनी हलका ताण दिल्यावर सूत सरकलं तर तोही नको. फॉलखालची पट्टी मात्र बहुधा शाबूत निघते, तिची किनार छान होते.

बाळाचं दुपटं साधारण 36 इंच लांब-रुंद आणि तीन थरांचं पुरे. साडीचा पन्हा 45 इंचांच्या आसपास असतो, म्हणून जोड द्यावा लागत नाही. पुढे कधी मोठी शिवाल तेव्हा साडेपाच मीटरच्या एका साडीत सात फुटांचे दोन थर निघतात आणि वर मीटरभर कापड उरतं.

वरच्या थरासाठी सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापून, पाव इंच शिवण ठेवून मशीनवर जोडा. अगदी लहान तुकडे असतील तर दुसरी रीत आहे. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात, तिच्यात तुकडे आधी जोडून घेत नाहीत. काठापासून सुरुवात करून प्रत्येक तुकड्याची कड आत दुमडतात, तो थरांवर ठेवून थेट धावदोरा घालतात आणि फिरत फिरत मध्यापर्यंत जातात. कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांची फुलं बसवतात. फार देखणं काम आहे. पण पहिल्याच खेपेला तुम्ही पट्ट्याच घ्या.

आता खरं काम. फरशीवर खालचा थर उलटा पसरा, त्यावर मधला, वर पट्ट्यांचा. मधून कडेकडे तळहाताने सुरकुत्या काढा, चारी कोपऱ्यांवर पाट किंवा वरवंटा ठेवा आणि वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घाला. हे टाळलंत तर शेवटी मध्यावर फुगा उरतो आणि तो काही केल्या बसत नाही. कडा आत दुमडून पक्का धावदोरा काठापासून घाला, ओळींत बोटभर अंतर. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. डाव्या हाताचं बोट खालून लावून ठेवा. सुईचं टोक त्याला लागलं म्हणजे तिन्ही थर पकडले गेले. दोरा सुती आणि हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो. गाठ थरांच्या मध्ये ओढून लपवा, म्हणजे बाळाला टोचणार नाही. रोज तासभर बसलात तर महिना धरून चला, त्यामुळे बारशाची वाट पाहू नका.

भाचीला एक गोष्ट जरूर सांगा: बाळ वर्षाचं होईपर्यंत झोपेत त्याच्या अंगावर हे सैल पांघरूण घालायचं नाही, तोंडावर येऊ शकतं. जागं असताना जमिनीवर अंथरायला, मांडीवर घ्यायला वापरावं. धुतल्यावर कडक उन्हात पूर्ण वाळवावं. आतला थर दमट राहिला की कुबट वास धरतो. पावसाळ्यात शिवणार असाल तर ओलसर कापड मुळीच आत घेऊ नका.

आणि भेट देताना त्यातल्याच कापडाचे चार-दोन तुकडे सोबत बांधून द्या. बाळ रांगायला लागल्यावर कोपरे आधी फाटतात, तेव्हा ठिगळ लावायला कामी येतील.